आत्याबाईंची फरशी

फरशीत स्वतःचं तोंड दिसल्याशिवाय आमच्या ह्यांना चैन पडत नाही. थट्टा नाही करत मी. दीनानाथ टिपणीस, वय सदुसष्ट, केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यातून निवृत्त, मुक्काम फरीदाबाद. उभी नोकरी दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरांच्या फरश्या करून घेण्यात गेली. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो की बाकीचे लोक पडदे बघतात, शोकेस बघतात. हे मान खाली घालून फरशी बघतात आणि यजमानाला तोंडावर सांगतात, "घुटाई कम हुई है." मी टेबलाखालून पाय मारते. शून्य उपयोग.

तरुणपणी ह्यांची एक परीक्षा असायची. फरशी घोटून, धुऊन, पुसून झाली की खिशातला कंगवा काढायचा, खाली वाकायचं आणि फरशीत बघून भांग पाडायचा. भांग सरळ पडला तर फरशी पास. आता डोक्यावर भांग पाडण्यासारखं काही राहिलेलं नाही, तरी कंगवा खिशात असतोच. मी एकदा विचारलं, "अहो, हा कशाला आता?" तर म्हणाले, "सवय."

आमचं सेक्टरमधलं घर ह्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. हॉल, बोळ, बाथरूम, मागचं धुण्याभांड्याचं अंगण, सगळीकडे आरसा. येणारे-जाणारे वा वा करतात. त्यांचं काय जातं? राहायचं मला असतं. हे घरात रबरी चपला घालून फटक फटक फिरतात आणि मी माहेरच्या वळणाने अनवाणी. मागच्या अंगणात भांडी विसळताना एकदा अशी आपटले की मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलेला हात घेऊन घरी आले, तर ह्यांचं पहिलं वाक्य काय? "चालताना लक्ष कुठे असतं तुझं?" तेव्हापासून मी बोळातून भिंतीला हात लावूनच चालते. भिंतीवर माझ्या हाताच्या उंचीला एक करडा पट्टा पडलाय. दर दिवाळीला रंग देतो आणि होळीपर्यंत तो परत येतो.

आणि फुगड्या! आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका श्रावणात कुणा ना कुणाच्या घरी मंगळागौर जागवतात. माझ्याकडे कधीच नाही. "वृंदाताईंकडे जेवण ठेवू या, खेळ मात्र देविकाकडे," असं अगदी गोड आवाजात ठरवून टाकतात. पोटच्या पोरीची, चेतनाची मंगळागौरसुद्धा मला भाड्याच्या हॉलमध्ये करावी लागली. त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना ते कळलंही नाही, कारण हे हॉलची फरशी बघत होते.

पाट्याची गोष्ट तर विचारूच नका. माझ्या आईने संगमनेरहून मला पाटा-वरवंटा पाठवलेला. हॉलला पॉलिशचं मशीन लागलं होतं तेव्हा ह्यांनी मला सरप्राइज म्हणून तो पाटाच मशीनखाली घातला! चकचकीत, गुळगुळीत. लसूण ठेवली की पलीकडच्या कडेने खाली. मी इतकी चिडले की शेजारचे पंजाबी काका दार वाजवून गेले. शेवटी गल्लीत "सिल टँकवा लो" ओरडत फिरणारा माणूस आला, त्याच्याकडून ह्यांनी स्वतः पाट्याला टाकी लावून घेतली, म्हणजे छिन्नीने टिचून टिचून परत खरखरीत करून आणला. त्या दिवसापासून घरातली चटणी वाटायचं काम कायमचं ह्यांच्याकडे.

असा हा माणूस. आता ह्याच्या हाती डुकरांचं घर आलं.

चेतना आमची जनावरांची डॉक्टर. जावई जयदीप मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात. पोरीची चांगली पगाराची नोकरी होती पशुखाद्याच्या कंपनीत. एक दिवस येऊन म्हणाली, "आई, मी डुकरं पाळणार आहे. बल्लभगडच्या पुढे जमीन बघितलीय." मी उठून देवघरात जाऊन बसले. मंडळात बातमी फुटली तेव्हा बायकांचे चेहरे बघण्यासारखे होते. "अय्या, डुकरं? चेतना? एवढी शिकलेली?" मला मनातून तसंच वाटत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर डोकंच फिरलं. म्हटलं, "हो, डुकरं. तुमच्या पोरांसारखी दिवसभर मोबाइल बघत लोळत नाहीत ती."

ह्यांनी पोरीला एकच प्रश्न विचारला. "शेडला जमीन कसली करणार?"

झालं. दोन महिने हे रोज डबा घेऊन साइटवर. सिमेंटचा कोबा घातला आणि वरून घोटून घोटून असा गुळगुळीत केला की काय सांगू. चेतना म्हणाली होती, "बाबा, थोडी खडबडीत ठेवा हं, गाभण माद्या असणार आहेत." ह्यांचं उत्तर, "तू जनावरांचं बघ, जमिनीचं मी बघतो. अशी फरशी देतो की एक बादली पाण्यात स्वच्छ." पोरगी बापाच्या उत्साहापुढे गप्प बसली. तिथेच चुकली. शेवटच्या दिवशी मी गेले तर हे शेडच्या मधोमध वाकलेले आणि हातात कंगवा.

दिवाळीनंतर माद्या आल्या. त्यातली सगळ्यात थोराड, पांढरी, कानावर काळा ठिपका असलेली जी होती तिला चेतना 'सात नंबर' म्हणायची. शेडवर काम करणारी फूलमनी, झारखंडची, तिने तिला पहिल्याच दिवशी 'बुआजी' करून टाकलं, कारण ती आल्या आल्या सगळ्यांवर डाफरली. आमच्या घरी तिच्या झाल्या आत्याबाई. सगळी भिस्त तिच्यावर. चांगल्या रक्ताची, भरपूर दुधाची, पोरं नीट सांभाळणारी. तिच्याच लेकी ठेवून पुढचा कळप वाढवायचा, असं चेतनाचं गणित. "ही टिकली तर माझं फार्म टिकलं, आई," असं तिने मला स्वच्छ सांगितलं होतं.

आत्याबाई टेम्पोतून उतरल्या, रुबाबात दोन पावलं आत टाकली आणि चारी पाय चार दिशांना! फूलमनी हसली, मी हसले. हे म्हणाले, "नवीन जागा आहे, होईल सवय."

कसली सवय होतेय! रोज सकाळी पाइपने शेड धुतली जायची, त्यावर माद्यांचं मूत, आणि तो ओला कोबा म्हणजे नुसती साबणाची वडी. महिन्याभरात आत्याबाई मागच्या डाव्या पायाने लंगडायला लागल्या. खुराला चीर पडली. बसायचं म्हटलं की आधी पुढचे गुडघे टेकायच्या, मग मागचा भाग खाली घेताना घाबरून तशाच थांबायच्या आणि शेवटी धपकन पडायच्या. खांदा घासून लाल झालेला. उठायला तर तयारच नव्हत्या. फूलमनी काळजीने सांगायला लागली, "बुआजी पानी पीने भी नहीं उठती, दीदी."

चेतना त्या दिवशी आमच्याकडे जेवायला आली आणि ताटावर बसून राहिली. म्हणाली, "बाबा, वजन वाढत चाललंय तिचं. पाय सुधारला नाही तर ती पिल्लं होईपर्यंत उभी राहणार नाही. आणि झाली जरी, अशी धपकन बसली तर पिल्लं तिच्याखालीच चिरडतील."

"मग?" हे म्हणाले.

"मग तिला ठेवता येणार नाही, बाबा."

ठेवता येणार नाही म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. चेतना बापाला एका शब्दानेही दोष देत नव्हती, आणि तेच ह्यांना जास्त लागलं असणार. मला पोरीचं वाईट वाटत होतं, आत्याबाईंचं वाटत होतं, आणि खरं सांगते, ह्यांचा राग राग येत होता. हजार वेळा सांगितलं होतं, प्रत्येक जमीन साहेबाचा हॉल नसते म्हणून.

दुसऱ्या दिवशी हे शेडवर गेले ते मुकाट्याने. तिथे काय झालं ते मला फूलमनीने साग्रसंगीत ऐकवलं. ह्यांनी बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आपण केलेल्या ओल्या कोब्यावर जन्मात पहिल्यांदा अनवाणी पाऊल टाकलं. दुसरं टाकायच्या आत आडवे! बाबूजी पाठीवर, आणि बुआजी मान वळवून त्यांच्याकडे बघतेय. फूलमनीला हसू आवरेना, म्हणून ती चाऱ्याच्या खोलीत पळाली. परत आली तर हे अजून तसेच खाली बसलेले आणि आत्याबाई पाण्याच्या नळीकडे कशा जातात ते बघत होते. त्या अंग भिंतीला घासत घासत, एकेक पाऊल चाचपत चालल्या होत्या. भिंतीवर त्यांच्या खांद्याच्या उंचीला चिखलाचा एक लांबच लांब पट्टा पडला होता.

घरी आल्यावर हे बोळात उभे राहिले. बराच वेळ भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, परत रंगाचं काढतात की काय. मी म्हटलं, "जेवायला या, भिंत कुठे जात नाही."

रविवारी हे नेहमीप्रमाणे पाट्यावर बसले होते, कोथिंबीर-मिरची-लसूण. वाटता वाटता वरवंटा थांबला. "वृंदा," म्हणाले, "टाकी."

"काय टाकी? अजून वाटा, मिरची दिसतेय आख्खी."

"अगं, कोब्याला टाकी लावू या. सगळा फोडायला नको. पाट्यासारखा टिचायचा."

चटणी तशीच टाकून माणूस पसार. त्या दिवशी मी लोणच्याशी पोळी खाल्ली.

माद्या अर्ध्या अर्ध्या करून बाहेरच्या मोकळ्या वाड्यात काढल्या आणि टाकीचं काम सुरू झालं. पाट्याला टाकी लावणाऱ्या त्याच माणसाला ह्यांनी शोधून आणलं, त्याने आपले दोन भाऊ आणले. बिचाऱ्यांनी आयुष्यात एवढा मोठा पाटा पाहिला नव्हता. टक टक टक, दिवसभर. हेही छिन्नी घेऊन बसायचे. आपणच घासून चढवलेली चकाकी आपल्याच हाताने उतरवत होते. संध्याकाळी घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. बोलायचे कमी, पण झोप छान लागायची.

माद्या परत आत आल्या. घसरणं बंद! चेतनाने आनंदाने फोन केला. आणि चारच दिवसांत रडवेली होऊन दुसरा. घसरत नव्हत्या, पण गुडघे खरचटले होते, तळवे सोलवटले होते. लंगडणं होतं तसंच.

मी डबा घेऊन तडक शेडवर गेले. बघते तर आमचे हे, केंद्र सरकारचे निवृत्त इंजिनिअर, चार माद्यांच्या मधून रांगतायत. अक्षरशः रांगतायत! पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली, कोपर घासून रक्त आलेलं. आत्याबाई शेजारी उभ्या राहून त्यांच्या कानाचा वास घेतायत.

"अहो, हे काय चाललंय?"

"टोचतंय गं," हे खालूनच म्हणाले. "फार टोचतंय."

मला एकदम हसू फुटलं आणि मी डबा खाली ठेवून त्यांच्याजवळ उकिडवी बसले. म्हटलं, "टोचणारच. पाट्याला टाकी लावून आणली की पहिलं वाटण आपण खातो का? आधी जाडे तांदूळ आणि मीठ घालून दोन-तीनदा घासून काढतो ना? टोकं मोडतात, कच निघून जाते, मग चटणी. तुम्ही टाकी लावली आणि थेट जेवायलाच बसवलंत की बिचाऱ्यांना!"

हे उठून बसले. माझ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. "बिल्कुल बरोबर," म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण फरशीच्या बाबतीत 'बरोबर' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मी दारात उभ्या असलेल्या चेतनाला म्हटलं, "तू साक्षीदार आहेस हं."

मग ह्यांचे ते घोटायचे दगड बाहेर निघाले. पण आता काम उलटं होतं. नुसती टोकं मोडायची आणि थांबायचं. आणि थांबणं ह्यांना कुठे येतंय? हातात दगड आला की हात गोल गोल फिरायलाच लागतो, आणि जरा तुळतुळीत झालं की चेहऱ्यावर ते जुनं समाधान दिसायला लागतं. मी आणि फूलमनी खुर्च्या टाकून पहाऱ्यावर बसलो होतो. जरा चमक दिसली की मी ओरडायचे, "बास! सोडा दगड!" एकदा तर हातातून ओढून घ्यावा लागला. चेतना अनवाणी चालून, तळहात घासून बघायची. घसरू नये आणि सोलवटूही नये. पाणी साचत होतं तिथे उतार काढून घेतला. झोपायच्या कोपऱ्यात पराळी, म्हणजे भाताचा पेंढा टाकला, जाडजूड. आजूबाजूच्या शेतांतून पराळी कितीही मिळते, नाहीतरी लोक जाळतात आणि आपण सगळे खोकतो.

आत्याबाईंनी पहिल्या दिवशी एक पाऊल टाकलं आणि थांबल्या. दुसरं टाकलं. भिंत सोडून मधोमध आल्या, सावकाश नळीपर्यंत गेल्या आणि कितीतरी वेळ पाणी प्यायल्या. फूलमनीने टाळ्या वाजवल्या. ह्यांनी खिशात हात घातला, कंगवा बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवून दिला.

पाय बरा व्हायला संक्रांत उजाडली. चौदा जानेवारीला मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या स्मारकावर, लढाईतल्या वीरांना वंदन करायला जाते, आणि बसमध्ये माइक ह्यांच्या हातात असतो, हा नियमच आहे. गेली कित्येक वर्षं खंड नाही. यावर्षी ह्यांनी मंडळाच्या संग्रामभाऊंना फोन करून सांगितलं, "मला जमणार नाही. आत्याबाईंचे दिवस भरलेत." मग संग्रामभाऊ चाचरत म्हणाले, "अच्छा... काळजी घ्या त्यांची." बसमध्ये दिवसभर काय चर्चा झाली असेल, देव जाणे.

आम्ही तिळगुळाचा डबा घेऊन शेडवर गेलो. कडाक्याची थंडी, पण ऊन छान पडलं होतं. आत्याबाई सकाळपासून तोंडाने पराळी गोळा करत होत्या. इथून ओढ, तिथे टाक, पायाने सारखी कर, पुन्हा विस्कट. चेतना म्हणाली, "घरटं करतेय. पाय दुखत असता तर हे केलंच नसतं." दुपारी त्या थांबल्या. आम्ही चौघंही श्वास रोखून उभे. आता बसणार. हेच बसणं, ज्याच्या भीतीने पोरीची झोप उडाली होती.

आत्याबाईंनी पुढचा एक गुडघा टेकला. मग दुसरा. थांबल्या. मागचे पाय थोडे फाकवून खुरं जमिनीवर रोवली, आणि ती खुरं हलली नाहीत. एक इंच नाही. मग खांदा, मग कूस, असं सगळं धूड हळूहळू, सांभाळून, पराळीवर टेकवलं. आवाजसुद्धा झाला नाही.

"बसली!" हे ओरडले. "वृंदा, बसली गं! कशी बसली बघितलंस?" आणि डोळे पुसायला लागले. चेतनाने बापाला मिठीच मारली.

अकरा पिल्लं झाली. गुलाबी, ओली, एकमेकांच्या अंगावरून चढत आपापली जागा शोधणारी. मध्ये आत्याबाई एकदा उठल्या आणि परत बसल्या, तितक्याच सावकाश, आणि एकही पिल्लू खाली सापडलं नाही. फूलमनीने मला मिठी मारली, मी तिच्या तोंडात तिळगूळ कोंबला. सात मादी पिल्लं आहेत. चेतनाने त्यांना नंबर दिलेत, पण आम्ही नावं ठेवणारच.

हे सगळं झालं आणि चार-पाच दिवसांनी मी सकाळी भाजी घेऊन घरी आले तर मागून आवाज. टक टक टक.

धावत गेले. मागच्या अंगणात हे बसलेले, हातात छिन्नी-हातोडी. माझ्या भांडी घासायच्या नळापासून सुरुवात करून निम्मं अंगण टिचून झालं होतं. स्वतः उभं राहून घोटून घेतलेली, पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवलेली फरशी.

"अहो, अहो! हे काय?"

ह्यांनी मान वर केली नाही. "आत्याबाई भिंतीला धरून चालायच्या," म्हणाले. "त्यांच्या भिंतीवर पट्टा पडला होता. आपल्या बोळात पण आहे तसाच. मला वाटायचं, तुझी सवय आहे ती." मग आणखी एक घाव घालून म्हणाले, "तू घाबरत होतीस गं इतकी वर्षं. माझ्याच घरात."

माझ्या हातातली पिशवी खाली गेली. वाटाणे अंगणभर झाले. ओठांवर आलं होतं की डुकरिणीनंतर लागला का माझा नंबर? पण गिळून टाकलं. मी नुसती तिथे पायरीवर बसले आणि पदराने डोळे पुसत राहिले.

"हॉल मात्र ठेवणार आहे मी तसाच," हे घाईघाईने म्हणाले. "एक तरी जागा हवी."

"ठेवा," म्हटलं. "भांग पाडा तिथे."

मग जाड्या दगडाने टोकं मोडली, कच धुऊन काढली, हे सगळं आता ह्यांना पाठच झालंय. संध्याकाळी मी बादलीभर पाणी अंगणात ओतलं. चपला न घालता, भिंतीला हात न लावता मधोमध जाऊन उभी राहिले. गार गार पाणी तळव्यांखालून वाहत होतं आणि पाय जागच्या जागी घट्ट.

मी दोन्ही हात पुढे केले. "या," म्हटलं.

"कुठे?"

"फुगडी घालायला. काढा त्या चपला."

"वेडी आहेस का? लोक बघतील!"

"बघू देत."

त्यांनी भिंतीवरून शेजारी कुणी आहे का ते बघितलं, चपला काढून पायरीवर ठेवल्या, आणि आले.